नुक्ता टिकवायचा असेल तर

आपल्याकडे आता कुठलाही कार्यक्रम रेकॉर्ड झाल्याशिवाय राहत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन असो, मोहल्ल्यातला सत्कार असो, मुशायरा असो की एखाद्या उस्तादांचा निरोप समारंभ. पहिल्या रांगेत चार मोबाइल वर झालेले असतात आणि मागे स्टँडवर एक कॅमेरा उभा असतो. रेकॉर्डिंगची चर्चाही भरपूर होते. कॅमेरा किती मेगापिक्सलचा, फोन कुठल्या कंपनीचा, ड्रोन बोलवायचा का, हे सगळं ठरतं. पण चित्रण कुठल्या कोडेकमध्ये साठवलं जाणार, हा प्रश्न मी आजवर एकाही नियोजनाच्या बैठकीत ऐकलेला नाही.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. रेकॉर्डिंग झाल्यानंतर आपण नाव बदलू शकतो, गाणं बदलू शकतो, नको तो भाग कापू शकतो. कॅमेऱ्याने साठवतानाच जे टाकून दिलं, ते मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शिवाय ती फाइल उद्या कोण उघडू शकणार, हेही तिथेच ठरतं. फक्त शूटिंगवाल्याच्या महागड्या मशीनवर चालणार, की शाळेच्या ऑफिसातल्या दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरही चालणार?

मी तंत्रज्ञ नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. टाळेबंदीत पाठांचे व्हिडिओ करताना आणि त्यानंतर गावातल्या बुजुर्गांच्या मुलाखती जमवताना या विषयात शिरावं लागलं. त्यामुळे पुढचं सगळं शिक्षकाच्याच भाषेत सांगणार आहे.

रजिस्टरमधलं 'वरीलप्रमाणे'

आधी एक गैरसमज दूर करू. 'माझी फाइल एमपी-फोर आहे' असं आपण म्हणतो तेव्हा आपण फक्त डब्याचं नाव सांगत असतो. एमपी-फोर, एमओव्ही, एमकेव्ही हे डबे आहेत. आत चित्र कुठल्या पद्धतीने आवळून भरलंय, ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४, एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, प्रोरेस ही कोडेकची नावं. दोन डबे बाहेरून सारखे दिसतात, एक तुमच्याकडे उघडतो आणि दुसरा उघडत नाही. कारण आतला माल वेगळा असतो.

आवळावं का लागतं, हे साध्या हिशेबाने कळतं. फुल एचडी चित्राची एक चौकट, म्हणजे फ्रेम, १९२० गुणिले १०८० बिंदूंची. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ६ एमबीची होते. सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या, तर मिनिटाला ११ जीबी. हे कुठल्याही कार्डाला परवडणारं नाही. तेच मिनिट एच.२६४ मध्ये फोन सुमारे १३० एमबीत बसवतो.

ही करामत कशी होते? शाळेचं जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. कारकून पहिल्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा पूर्ण लिहितो. खालच्या ओळीत जेवढं बदललं तेवढंच लिहितो, बाकी रकान्यांत 'वरीलप्रमाणे'. एच.२६४ आणि एचईव्हीसी हेच करतात. ठरावीक अंतराने एक फ्रेम पूर्ण लिहितात. मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या, कधी कधी पुढच्याही, फ्रेमपेक्षा काय वेगळं आहे तेवढंच. स्टेजवर वक्ता एका जागी उभा असेल, मागचा पडदा हलत नसेल, तर तो पडदा पुनःपुन्हा कशाला लिहायचा?

फक्त पाहायचं असेल तर ही पद्धत उत्तम, कारण आपण वरून खाली वाचत जातो. अडचण येते ती एडिटिंगला. एडिटिंग म्हणजे रजिस्टरमध्ये कुठेही बोट ठेवून 'ही ओळ वाचा' म्हणणं. चौदाव्या ओळीत 'वरीलप्रमाणे' असेल, तर कॉम्प्युटरला वर चढत पूर्ण लिहिलेली ओळ शोधावी लागते आणि तिथून पुन्हा खाली यावं लागतं. टाइमलाइनवर तुम्ही मागे-पुढे करता तेव्हा जुना लॅपटॉप दम खातो, त्याचं कारण हे. म्हणून एडिटिंगसाठी दुसऱ्या जातीचे कोडेक निघाले. अॅव्हिडचा डीएनएक्सएचडी २००४ मध्ये आला, अॅपलचा प्रोरेस २००७ मध्ये. त्यांत प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली असते. रजिस्टर जाडजूड होतं, पण कुठलंही पान चटकन वाचता येतं.

नुक्ता कुठे जातो?

उर्दू शिकवणाऱ्याला नुक्त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बे, पे, ते, से या चारही अक्षरांचा सांगाडा एकच. खाली एक नुक्ता असला की बे, खाली तीन असले की पे. वर दोन असले की ते, वर तीन असले की से. खुदा आणि जुदा यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. देवनागरीही याला अपवाद नाही. अनुस्वार गेला तर 'मंद'चा 'मद' होतो, रफार गेला तर 'पर्ण'चं 'पण' होतं.

कोडेकची सगळी काटकसर एका अंदाजावर चालते: माणसाच्या डोळ्याला जे फारसं जाणवणार नाही ते टाकून द्या. बारीक तपशील त्यात आधी जातो. आणि नुक्त्याइतका बारीक तपशील फळ्यावर दुसरा कुठला?

रंगांच्या बाबतीत तर ही काटकसर आणखी उघड आहे. उजेडातला फरक डोळा बारकाईने टिपतो, रंगातला फरक तितका नाही. म्हणून बहुतेक फोन आणि साधे कॅमेरे उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची घेतात आणि रंगाची नोंद चार बिंदूंत मिळून एकच. सेटिंगमध्ये ४:२:० असं लिहिलेलं दिसतं ते हेच. चेहऱ्याला यामुळे काही होत नाही. पण हिरव्या फळ्यावर लाल खडूने नुक्ते दिले असतील, तर त्या दोन रंगांच्या उजेडात फारसा फरक नसतो, फरक असतो तो रंगाचा. आणि रंगाचीच नोंद तुटपुंजी असते. नुक्ते पसरतात, एकमेकांत मिसळतात. पे आहे की बे, हे मुलांनी अंदाजाने ओळखायचं. फळ्यावरचा हात हलला की त्याच्या आजूबाजूची अक्षरं क्षणभर विरघळल्यासारखी दिसतात, तेही कमी बिटरेटचंच लक्षण. दर सेकंदाला खर्च करायला माहितीची ठरावीक पुंजी असते. ती हलत्या हातावर संपते आणि फळ्याच्या वाट्याला उरतं तेवढंच येतं.

म्हणून पाठ रेकॉर्ड करणाऱ्या शिक्षकांना माझा पहिला सल्ला कॅमेऱ्याचा नाहीच. काळ्या फळ्यावर पांढरा खडू वापरा, किंवा पांढऱ्या कागदावर काळी शाई. लाल-हिरव्याची हौस वर्गात करा, व्हिडिओत नको. आणि कॅमेऱ्यात दर्जाचे दोन पर्याय असतील, तर वरचा निवडा.

नव्याच्या मागे का लागायचं नाही?

आता मुख्य निवडीकडे येऊ. एच.२६४ हा कोडेक २००३ मध्ये ठरला. म्हणजे तो आता जुना झाला. त्याचा वारस एचईव्हीसी २०१३ मध्ये आला. तितक्याच दर्जाचं चित्र तो जवळपास निम्म्या जागेत बसवतो. अॅपलने २०१७ मध्ये आयफोनवर तोच नेहमीचा केला. आयफोनच्या सेटिंगमध्येच हिशेब दिलेला असतो: फुल एचडीचं एक मिनिट एचईव्हीसीत सुमारे ६० एमबी, एच.२६४ मध्ये सुमारे १३० एमबी. बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही आता हा पर्याय असतो.

मग नवा आणि लहान सोडून जुना आणि मोठा का घ्यायचा? माझी तीन कारणं आहेत.

पहिलं, उघडण्याचं. एच.२६४ उघडत नाही असा कॉम्प्युटर, टीव्ही, फोन आज शोधावा लागेल. एचईव्हीसीचं तसं नाही. अनेक विंडोज कॉम्प्युटरांवर त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळी जोड घ्यावी लागते, तीही विकत. रक्कम किरकोळ आहे. पण शाळेच्या ऑफिसात ती कोण भरणार, कुठल्या कार्डाने भरणार आणि कुठल्या हेडखाली दाखवणार, हे विचारून बघा. शेवटी 'आवाज येतोय पण चित्र दिसत नाही' एवढ्यावर ती फाइल बंद होते ती कायमची.

दुसरं, एडिटिंगचं. एचईव्हीसीचं 'वरीलप्रमाणे' जास्त गुंतागुंतीचं आहे. ते उलगडायची सोय प्रोसेसरमध्येच असली तर ठीक. साधारण २०१५ च्या आधीच्या बहुतेक कॉम्प्युटरांत ती नाही, आणि आपल्या शाळांत, संस्थांत चालणारे कॉम्प्युटर कुठल्या सालचे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे.

तिसरं, मालकीचं. एचईव्हीसीचे पेटंट एका हातात नाहीत. परवान्यासाठी एकापेक्षा जास्त गट उभे राहिले, आणि कुणाला किती द्यायचे याचा घोळ अनेक वर्षं चालला. कंपन्या सगळीकडे तो सहज देत नाहीत, त्यामागे हेही कारण आहे. याच घोळाला कंटाळून काही मोठ्या कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन एव्ही-वन हा कोडेक आणला. तो २०१८ मध्ये जाहीर झाला. पण तो मुख्यतः इंटरनेटवर दाखवण्यासाठी वापरला जातो. आपल्या हातातले कॅमेरे त्यात रेकॉर्ड करत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, 'सर, तितक्याच जागेत एचईव्हीसी जास्त तपशील ठेवतो, मग तुमचा नुक्ता तिथेच सुरक्षित नाही का?' मुद्दा खरा आहे. पण फोन बनवणारे ती बचत दर्जा वाढवायला वापरत नाहीत, फाइल लहान करायला वापरतात. १३० चे ६० एमबी होतात, १३० चे १३० राहून चित्र सुधारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जागा. दोन तासांचा कार्यक्रम एच.२६४ मध्ये १५ जीबीच्या वर जातो, एचईव्हीसीत सुमारे ७ जीबीत मावतो. ज्या शिक्षिकेकडे ६४ जीबीचा एकच फोन आहे आणि त्यात मुलांचे फोटोही आहेत, तिला मी 'एच.२६४ च घ्या' असा हट्ट करणार नाही. कार्यक्रम अर्ध्यावर तुटण्यापेक्षा एचईव्हीसीत पूर्ण झालेला केव्हाही चांगला. पण ती निवड जाणूनबुजून केलेली असावी. फोनने आपल्या वतीने गुपचूप केलेली नसावी.

बदल करायला अर्धा मिनिट लागतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स आणि तिथे 'मोस्ट कंपॅटिबल'. यामुळे एचडीआर रेकॉर्डिंगही बंद होतं, ते बरंच; कारण नव्या आयफोनचं एचडीआर चित्र साध्या एडिटिंगमध्ये आणलं की चेहरे अनेकदा फिके किंवा भडक दिसतात. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ असा पर्याय शोधा. सोय असेल तर फ्रेमचा वेग २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली ३० च्या वेगाला चित्र फडफडण्याचा धोका जास्त असतो.

प्रोरेसची हौस कुणासाठी?

यूट्यूबवर एडिटिंग शिकलेली आपली हुशार पोरं आता उलट टोकाला जाताना दिसतात. 'दहा बिट घ्या, लॉग घ्या, प्रोरेस घ्या.' त्यांचं ज्ञान चुकीचं नाही. आठ बिटांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मिळतात, दहा बिटांत १०२४. सिनेमाचे रंग बदलायचे असतील, हिरव्या पडद्यासमोर माणूस उभा करून मागचं दृश्य बदलायचं असेल, तर या छटा लागतात.

पण किंमत बघा. आयफोन १३ प्रो पासून, म्हणजे २०२१ पासून, फोनवरही प्रोरेस आला. अॅपलच्याच आकड्यांप्रमाणे फुल एचडीचं एक मिनिट सुमारे १.७ जीबी, फोर-केचं एक मिनिट सुमारे ६ जीबी. दोन तासांचा मुशायरा फुल एचडीत २०० जीबीच्या वर. हे ठेवायचं कुठे? एवढ्या पैशात शर्टाला लावायचा चांगला माइक येतो. बुजुर्गांच्या मुलाखतीत पाहणाऱ्याला छटा मोजायच्या नसतात, त्यांचा एक-एक शब्द ऐकायचा असतो. कोकणातल्या आजीची बोली, सोलापूरकडची दखनी, मराठवाड्यातली उर्दूमिश्रित मराठी यांतले बारकावे आवाजात आहेत.

कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर आणताना

निवडीचा दुसरा क्षण इथे येतो, आणि मूळ माल हातचा जातो तो इथेच.

कॅमेऱ्याच्या कार्डातून एकेक क्लिप ओढून घेऊ नका. पूर्ण कार्ड, सगळ्या फोल्डरसकट, जसंच्या तसं कॉपी करा. अनेक जुन्या हँडीकॅममध्ये एव्हीसीएचडी नावाची रचना असते. त्यात आतला कोडेक एच.२६४ च असतो, पण लांब रेकॉर्डिंगचे तुकडे होतात आणि ते कसे जोडायचे याची माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये असते. फक्त व्हिडिओ उचलला, तर जोडाच्या जागी आवाज तुटू शकतो.

आयफोन विंडोजला जोडत असाल, तर फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' या शीर्षकाखाली 'कीप ओरिजिनल्स' निवडा. तिथे 'ऑटोमॅटिक' असेल, तर फोन पाठवतानाच एचईव्हीसीचं रूपांतर करू शकतो. तुम्हाला वाटतं मूळ प्रत आली. हातात आलेली असते नक्कल.

फोनच्या चित्रणात आणखी एक खोड असते. फ्रेमचा वेग एकसारखा नसतो. उजेड आणि प्रोसेसरवरचा भार बघून फोन तो कमी-जास्त करतो. पाहताना हे कळत नाही, पण काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तासाभराच्या भाषणाच्या शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. त्यावर इलाज म्हणजे एडिटिंगच्या आधी एकसारख्या वेगाची प्रत करून घेणं. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. शॉटकट हे मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर तर अशी फाइल ओळखून स्वतःच विचारतं, 'एडिटिंगला सोपी प्रत करून देऊ का?'

लॅपटॉप दम खात असेल तर दोन वाटा आहेत. एक, सगळं प्रोरेस किंवा डीएनएक्ससारख्या 'पूर्ण ओळी'च्या कोडेकमध्ये बदलून घेणं. फुल एचडीचं साधं प्रोरेस ४२२, सेकंदाला २५ फ्रेमने, तासाला सुमारे ५५ जीबी घेतं. दुसरी वाट प्रॉक्सीची. सॉफ्टवेअर एक लहान, हलकी नक्कल बनवतं. आपण तिच्यावर कापाकापी करतो आणि शेवटी बाहेर काढताना मूळ फाइल वापरली जाते. शॉटकट, केडेनलाइव्ह, दा विंची रिझॉल्व्ह या सगळ्यांत ही सोय आहे. आपल्यासारख्यांना दुसरी वाट परवडते.

इथे एक भ्रम घालवायला हवा. एच.२६४ चं प्रोरेस केल्याने दर्जा वाढत नाही. झेरॉक्स महागड्या कागदावर काढली म्हणून मूळ पानावर पुसलेला नुक्ता परत उमटत नाही. रूपांतर फक्त कॉम्प्युटरचं काम सोपं करतं. त्यामुळे एडिटिंग संपलं की ती रूपांतरित प्रत पुसली तरी चालेल. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल पुसायची नाही. अनेक ठिकाणी नेमकं उलटं होतं: जागा अडली म्हणून मूळ पुसतात आणि गाणं चढवलेला व्हिडिओ जपून ठेवतात.

पेनड्राइव्हमध्ये आलेली बारा मिनिटं

आमच्या भागातल्या एका शाळेत जुन्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला होता. सर तासभर बोलले. १९७२ च्या दुष्काळात वर्ग कसे चालवले, मुली शाळेत याव्यात म्हणून कुणाकुणाच्या दारात गेले, पहिली मुलगी दहावी पास झाली तेव्हा मोहल्ल्यात काय झालं, हे सगळं त्यांनी सांगितलं. शूटिंगवाल्याने महिन्याभराने पेनड्राइव्ह दिला. त्यात बारा मिनिटांचा व्हिडिओ होता. हार, शाल, श्रीफळ, टाळ्या आणि वर गाणं. सरांचा आवाज मिळून दोन मिनिटं. मूळ चित्रण मागितलं तेव्हा कळलं, की कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं केलं होतं. त्याने काही फसवणूक केली नव्हती. त्याला जे सांगितलं तेच त्याने दिलं होतं. मूळ फाइल हवी, असं सांगायला हवं हे आयोजकांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी सर वारले. घरच्यांकडे आता ती दोन मिनिटं आहेत आणि व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून धूसर झालेली एक क्लिप.

व्हॉट्सअॅपची ही क्लिप म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. साध्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला की अॅप तो पुन्हा आवळतं. ज्याने फोनमधून पुसून 'ग्रुपवर आहे की' म्हटलं, त्याच्याकडे मूळ राहिलेलं नसतं. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तशी २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. तरीही व्हॉट्सअॅपला कपाट समजू नका. तो निरोप्या आहे.

उद्या कोण उघडणार?

१९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. भारताचा पहिला बोलपट, हिंदुस्तानी जबानीतला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये. तोवर अनेक चित्रपट गेलेले होते. त्या काळची फिल्म नाशवंत होती आणि जपायची गरज कुणाला वाटली नव्हती.

डिजिटल फाइल तशी सडत नाही, पण ती दुसऱ्या पद्धतीने मरते: ती असते, आणि उघडत नाही. नव्वदच्या दशकात सिनेपॅक, सोरेन्सन असे कोडेक जोरात होते. २०१९ मध्ये अॅपलने मॅकच्या नव्या आवृत्तीतून जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर काढली आणि अशा जुन्या फाइल तिथल्या क्विकटाइम प्लेअरमध्ये उघडेनाशा झाल्या. मिनी डीव्ही टेपचंही तसंच. लग्नांच्या कपाटांत त्या आजही पडून आहेत. तासाला सुमारे १३ जीबी होणारं ते चित्रण फायरवायरच्या वायरीने उतरवायचं असतं, आणि नव्या लॅपटॉपना ते पोर्टच नाही. टेप चालवणारा कॅमेरा जिवंत आहे तोवर त्या उतरवून घ्या.

यावर भरवशाचा उपाय एकच दिसतो: जे सर्वत्र चालतं आणि ज्याची रीत सगळ्यांसमोर खुली आहे ते निवडणं. एच.२६४ ला पेटंट आहेत, पण तो इतका पसरलाय की तो उलगडणारं साधन नाहीसं होणं अवघड आहे. २००० पासून चालत आलेलं एफएफएमपेग हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आज मेलेले समजले जाणारे कोडेकही उघडतं. मोठ्या संग्रहालयांना काहीच गमवायचं नसतं. त्यांच्यासाठी एफएफव्ही-वन हा खुला कोडेक आहे. त्यात एकही बिंदू टाकला जात नाही, आणि २०२१ मध्ये त्याची रीत अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. आपल्या शाळांना तिथवर जायची गरज नाही. कॅमेऱ्याची मूळ फाइल तशीच ठेवली तरी पुष्कळ झालं.

मराठी मुसलमानांचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, अशी तक्रार आपण प्रत्येक व्यासपीठावर करतो. तक्रार रास्त आहे. पण आज आपल्याच हातात कॅमेरा आहे, समोर ऐंशी वर्षांचे चाचा बसलेत, आणि त्यांनी सांगितलेलं पुढच्या पिढीला उघडता येईल की नाही हे आपल्याच एका सेटिंगवर ठरतंय. यात आता सरकार किंवा माध्यमांकडे बोट दाखवता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं सुरू होतील. शूटिंगवाल्याला ऑर्डर देताना कागदावर चार ओळी लिहून द्या. रेकॉर्डिंग एच.२६४ मध्ये, फुल एचडी, २५ फ्रेम. एडिट केलेल्या व्हिडिओबरोबर कार्डातल्या सगळ्या मूळ फाइल आमच्या हार्ड डिस्कवर. त्या मिळाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. भाषणांवर गाणं चढवायचं नाही. हार्ड डिस्क दोन घ्या. एक ऑफिसच्या कपाटात, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. फोल्डरला तारीख आणि वक्त्याचं नाव द्या, आणि आत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोडेकचं नाव लिहा. ते व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडून 'कोडेक इन्फॉर्मेशन' पाहिलं की कळतं. वर्षातून एकदा, निकाल लागल्यानंतरच्या मोकळ्या दिवसांत, दोन्ही डिस्क जोडून चार-दोन फाइल चालवून बघा. शूटिंगवाला थोडे पैसे जास्त मागेल. ते हारांच्या खर्चातून काढा.